एका फोटोतली दीड लाख वर्षं

५ ऑक्टोबर १९२३ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून सतराशे मीटर उंचीवर, तुम्ही एका घुमटात उभे आहात. दिवा लावायची सोय नाही आणि शेकोटीचीही नाही. घुमटातली हवा बाहेरच्याइतकीच गार ठेवावी लागते, नाहीतर गरम झुळकांनी तारे थरथरू लागतात. समोर शंभर इंची हूकर दुर्बीण आहे, या वर्षी जगातली सगळ्यात मोठी. हलणारा भाग शंभर टनांचा, पण पाऱ्यावर तोललेला. पृथ्वी फिरते तसे तारे सरकतात. त्यांच्या मागोमाग दुर्बीण नेणारं घड्याळ चालतं ते सावकाश खाली उतरणाऱ्या दोन टनी वजनावर. आरसा फ्रान्समध्ये ओतलेला, आणि काच कुठली म्हणाल तर दारूच्या बाटल्यांची. हिरवट. विश्वाचं माप बदललं ते या काचेवर.

वर मचाणावर तेहतीस वर्षांचा एडविन हबल बसलाय. त्याचा डोळा एका मार्गदर्शक ताऱ्यावर खिळलाय आणि तारा जरा हलला की हात बारीक दुरुस्ती करतो. पंचेचाळीस मिनिटं हेच चालणार. दुर्बिणीचा रोख देवयानी तारकासमूहातल्या एका धूसर ठिपक्यावर आहे. या ठिपक्याला सगळे तेजोमेघ म्हणतात.

प्लेट निघते तेव्हा तुम्हीही त्याच्या मागोमाग अंधाऱ्या खोलीत शिरा. तांबड्या उजेडात, रसायनाच्या तसराळ्यात, काचेवर हळूहळू चित्र उमटतं. उलटं चित्र: आकाश फिकट, तारे काळे. तीन काळे ठिपके हबलला नवे वाटतात. नवतारे असावेत म्हणून तो प्रत्येकापाशी शाईनं ‘एन’ लिहितो. मग जुन्या प्लेटा काढून ताडून बघतो. दोन ठिपके खरंच नवे आहेत. तिसरा मात्र जुन्या प्लेटांवर आहे: कधी ठळक, कधी पुसट, पुन्हा ठळक. भडकून विझणारा नवतारा नव्हे हा. त्या ठिपक्याजवळचा ‘एन’ तो खोडतो आणि रूपविकारी ताऱ्यासाठी ‘व्हीएआर’ अशी अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकतो. विज्ञानात उद्गारचिन्हं जपून वापरावीत, पण हे माफ आहे.

हा तारा सेफीड जातीचा निघाला, तेजाची एक फेरी ३१ दिवसांची. हार्वर्डमध्ये फोटोंच्या प्लेटा मोजण्याचं काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली दाखवून दिलं होतं की सेफीडची फेरी जितकी लांब, तितका तो मुळात तेजस्वी. ३१ दिवसांचा सेफीड म्हणजे सूर्याच्या हजारो पट उजेड. एवढा उजेड असून तो या प्लेटेवर जेमतेम दिसतो, तर असेल किती लांब? हबलचं उत्तर आलं नऊ लाख प्रकाशवर्षं. म्हणजे देवयानीतला तो ठिपका तेजोमेघ नव्हे, आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका. आपली आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि तिच्याबाहेर दुसरं काही नाही, असं मानणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीला हबलनं ते पत्रानं कळवलं. या पत्रानं माझं विश्व मोडलं, असं शॅप्ली म्हणाल्याची आठवण खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी लिहून ठेवली आहे. लेव्हिट मात्र हे बघायला नव्हत्या. त्या १९२१मध्येच गेल्या.

थोडं मागे चला. डिसेंबर १८८८, लिव्हरपूलजवळचं मॅगल गाव. बांधकामाच्या धंद्यात पैसा केलेला आयझॅक रॉबर्ट्स वीस इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडून तासन्‌तास त्याच ठिपक्याचा फोटो घेतोय. काचेवर वेटोळी उमटलेली बघून तो हरखतो. सूर्यमालाच घडताना दिसते आहे, असं त्याला आणि त्याच्या काळाला वाटतं: मधे होऊ घातलेला सूर्य, भोवती होऊ घातलेले ग्रह. आकार बरोबर टिपला, माप कोट्यवधी पटींनी चुकलं. आणखी मागे, इ.स. ९६४च्या आसपास, इस्फहानमध्ये अब्दुर्रहमान अल-सूफी आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात याच जागी ‘लहानसा ढग’ नोंदवतो. नुसत्या डोळ्यांना तेवढंच दिसतं. तिथं थांबण्यात अर्थ नाही.

पुढे या, १९४३च्या शरद ऋतूत, पुन्हा माउंट विल्सनवर. खाली लॉस एंजेलिस महायुद्धामुळे अंधारात आहे. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ युद्धाच्या कामावर गेलेत. वॉल्टर बाडे जन्मानं जर्मन, म्हणून शत्रुदेशाचा नागरिक, म्हणून युद्धाच्या कामातून वगळलेला. सरकारी संशयानं एखाद्या माणसाला जगातली सर्वोत्तम दुर्बीण आणि काळंकुट्ट आकाश एकदम मिळवून द्यावं, असं इतिहासात क्वचितच घडलं असेल. बाडे तांबड्या रंगाला संवेदनशील असलेल्या प्लेटा लावतो. तोपर्यंत नुसता उजळ ढग वाटणारा देवयानीचा गाभा त्याच्या काचेवर प्रथमच सुट्या ताऱ्यांत फुटतो. ते तारे तांबूस आहेत, म्हातारे आहेत. निळे, तरुण, भडक तारे सगळे बाहेरच्या वेटोळ्यांत. एकाच दीर्घिकेत दोन वेगळ्या वस्त्या. यातूनच पुढे कळलं की सेफीडही दोन प्रकारचे आहेत. १९५२मध्ये रोमच्या परिषदेत बाडेनं ते मांडलं आणि देवयानी एका फटक्यात दुप्पट लांब गेली. आजचा आकडा २५ लाख प्रकाशवर्षं.

आता दुर्बीण सोडा आणि आत चला.

गाभ्यापासून ३३ हजार प्रकाशवर्षांवर तुम्ही एका साध्या पिवळ्या ताऱ्याशेजारी आहात. देवयानीची तबकडी दीड लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, आणि तिच्यात अदमासे एक लाख कोटी तारे आहेत. तरी भोवती बघाल तर सगळं रिकामं. शेजारच्या ताऱ्याला गाठायला प्रकाशाला वर्षानुवर्षं लागतात. काही हलत नाही. आपलं नेहमीचं घड्याळ इथं कामाचं नाही, म्हणून ते बदला: आता तुमच्या एका सेकंदात दहा लाख वर्षं जातील.

लगेच सगळं धावू लागतं. तुमचा तारा सेकंदाला अडीचशे किलोमीटरनं जातोय (हे खरे सेकंद) आणि तुमच्या नव्या घड्याळाप्रमाणे साधारण चार मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो, म्हणजे २५ कोटी वर्षांत. प्रदक्षिणा सपाट नाही. तबकडीच्या पातळीच्या वर जायचं, खाली यायचं, परत वर, असा डुलत डुलत प्रवास. या घड्याळावर सह्याद्रीचा काळा कातळ घडवणाऱ्या लाव्हाचे पूर ६६ सेकंदांपूर्वी वाहिले. माणूसजातीचा सगळा इतिहास एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात आटोपतो.

समोर अंधारा पट्टा येतो, धुळीचा आणि गार वायूचा, शून्याखाली अडीचशे अंशांहून थंड. ही वेटोळ्याची आतली कड. तुमचा तारा त्यात शिरतो, त्याचा वेग किंचित मंदावतो, आजूबाजूची गर्दी जरा वाढते. ताऱ्यांना या गर्दीचं काही वाटत नाही, त्यांच्यात अंतरं फार आहेत. वायूच्या ढगांना मात्र बाहेर पडायला वाट मिळत नाही. ते एकमेकांवर आदळतात, दबतात, स्वतःच्या वजनानं कोसळतात. एक, दोन सेकंद. अंधारात गुलाबी उजेड फुटतो: नवजात ताऱ्यांनी पेटवलेला हायड्रोजन, दहा हजार अंश तापलेला. त्यात निळे राक्षसी तारे चमकतात आणि तीन ते पाच सेकंदांत संपतात, अतिनवतारे होऊन. तबकडीभर प्रत्येक सेकंदाला असे हजारो स्फोट होताहेत. निळ्या ताऱ्यांना वेटोळ्याबाहेर पडायला आयुष्यच पुरत नाही. तुमचा पिवळा तारा दुसऱ्या कडेनं शांतपणे बाहेर पडतो. त्याच्याकडे अजून दोन-पावणेतीन तास आहेत.

मागे वळून बघा. वेटोळं तिथंच आहे, त्यातले तारे मात्र बदलले. आषाढवारीत दिवे घाट वरून पाहिलाय? अरुंद वळणावर वारकऱ्यांची दाटी दिवसभर तशीच दिसते, पण दाटीतला माणूस दर घटकेला वेगळा असतो. दीर्घिकेतला घाट तेवढा स्वतःही सावकाश फिरत असतो.

सर्पिल दीर्घिकेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा: या वेटोळ्यांना भुजा म्हणतात, पण भुजा नावाची वस्तू तिथं नाही. जुन्या ताऱ्यांची गर्दी भुजेत थोडीफारच जास्त असते. डोळ्यात भरतो तो तिथल्या नवजातांचा भडक उजेड. भुजा म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या रांगा असत्या तर आतले तारे लवकर फेरी मारतात, बाहेरचे उशिरा, आणि चार-पाच फेऱ्यांत सगळी गुंडाळी इतकी आवळली असती की वेटोळं ओळखू आलं नसतं. देवयानीच्या आजवर कितीतरी फेऱ्या झाल्या आहेत. स्वीडनचे बर्टिल लिंडब्लाड या कोड्याशी अनेक वर्षं झगडले, आणि १९६४मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी अशा गर्दीच्या लाटेचं, म्हणजे घनता-तरंगाचं, गणित मांडलं. ते गणित सगळ्या दीर्घिकांना लागू पडत नाही. काही भुजा अल्पायुषी असतात, मोडतात, पुन्हा जमतात. काही शेजारच्या दीर्घिकेच्या ओढीनं उठतात. खुद्द देवयानी तरी कुठं नमुनेदार आहे? तुम्ही ज्या पट्ट्यातून आत्ता गेलात तो भुजेपेक्षा कड्यासारखाच जास्त आहे. कुठल्याशा लहान दीर्घिकेनं आरपार जाऊन तिची घडी विस्कटली असावी, असं बऱ्याच जणांना वाटतं.

प्रवासात आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेला आली असेल. तुमच्याहून कितीतरी बाहेर, जिथं तारे विरळ होत जातात, तिथले तारेही जवळपास तुमच्याच वेगानं धावत होते. हे विचित्र आहे. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटरनं पळतो आणि नेपच्यून साडेपाचनंसुद्धा नाही. केंद्रातल्या वजनापासून लांब गेलं की वेग उतरायला हवा.

म्हणून १९६८च्या सुमाराला ॲरिझोनात उतरा. थंडीतली रात्र, दुर्बिणीशी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड. रूबिन चार मुलांची आई. तीन वर्षांपूर्वी पालोमार वेधशाळेनं तिला रीतसर वेध घेऊ दिले तेव्हा तिथं बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. तिनं कागदाचा घागरा कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला होता. फोर्डनं बनवलेल्या यंत्रातली प्रतिमानलिका मंद उजेड कैक पटींनी वाढवते, नाहीतर हे काम एका जन्मात झालंच नसतं. कुठं बघायचं ते बाडेनं ठरवून ठेवलंय: देवयानीतल्या ६८८ गुलाबी ढगांची त्याची यादी त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. हे ढग दुर्बिणीतूनही डोळ्यांना दिसत नाहीत. जवळच्या ताऱ्यापासून अंतर मोजायचं, दुर्बीण तेवढी सरकवायची, आणि ढग तिथं आहे असं मानून प्लेट लावायची.

हातात येते ती बोटभर काचपट्टी. तिच्यावर हायड्रोजनची एक रेघ. ती नेहमीच्या जागेपासून केसभर सरकली आहे, आणि वेग मोजायचा तो सूक्ष्मदर्शकाखाली या केसभरावरून. देवयानीची नैर्ऋत्य बाजू आपल्याकडे जास्त वेगानं येते, ईशान्य बाजू कमी; म्हणजे फिरतेय. एकेक ढग करत ६७ ढग झाले. त्यांचे वेग आलेखावर मांडले तर गाभ्यापासून ७५ हजार प्रकाशवर्षांपर्यंत वेग उतरायचं नाव नाही. १९७० साली यावरचा निबंध छापून आला. पुढे रेडिओ दुर्बिणींनी २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर हायड्रोजनची कुजबुज आणखी बाहेर, उजेड संपतो त्याच्याही पलीकडे, ऐकली. जुन्नर तालुक्यात खोडदच्या माळावर उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्याही ही लहर ऐकतात. देवयानीच्या उजेडापलीकडेही वेग तोच.

अर्थ एवढाच निघतो की जिथं तारे नाहीत तिथं वजन आहे. ताऱ्यांचं, वायूचं, धुळीचं सगळं मिळून जेवढं भरेल त्याच्या कितीतरी पट, साधारण दहापटींच्या घरात. ते उजेड देत नाही, अडवत नाही, फक्त ओढतं. त्याला कृष्णद्रव्य असं नाव दिलंय आणि ते कशाचं बनलंय हे कोणालाच ठाऊक नाही. मघाशी भुजेनं फसवलं, आता अख्ख्या तबकडीनं. दीर्घिकेचा उजेड कुठं आहे आणि दीर्घिका कुठं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फोटो पहिल्याचंच उत्तर देतो.

फोटोचा विषय निघालाच आहे, तर जानेवारी २०२५चा तो बघा. हबल अंतराळ दुर्बिणीनं दहा वर्षं सहाशेहून जास्त चौकटी टिपल्या आणि त्या जोडून देवयानीचं एक चित्र बनलं. त्यात वीस कोटींहून अधिक तारे सुटे ओळखता येतात. आपण या तबकडीकडे तिच्या कडेच्या बाजूनं तिरके बघतोय. वायव्येकडची, धुळीच्या काळ्या रेघांची बाजू आपल्या जवळची, आग्नेयेची लांबची. या दोन कडांमध्ये आपल्या नजरेच्या दिशेत जवळपास दीड लाख प्रकाशवर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडचा प्रकाश एकाच वेळी कॅमेऱ्यात पोचला, म्हणजे लांबच्या कडेचा दीड लाख वर्षं आधी निघालेला. चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवा, माणूसजातीच्या निम्म्या आयुष्यावरून ते फिरलं.

मग चित्र वाकडं का दिसत नाही? दीड लाख वर्षांत दीर्घिका एका अंशाचा पाचवा हिस्साच फिरते म्हणून. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातला हाच मुक्काम सगळ्यात अचाट: वेळेचा एवढा घोळ, आणि चित्र जागच्या जागी.

आता एकच लांब उडी. १२०० कोटी वर्षं मागे. विश्वाचं वय अवघं १५० कोटी वर्षं आहे. या वयात दीर्घिका ओबडधोबड, वेड्यावाकड्या असायला हव्यात; तबकडी स्थिर व्हायला, भुजा उमटायला सवड लागते. आणि तुमच्या समोर दोन रेखीव भुजांची, तीस हजार प्रकाशवर्षं रुंद तबकडी फिरतेय. तिच्यात सूर्याच्या वस्तुमानाचे सुमारे साठ तारे दरवर्षी जन्मतात. आपल्या आकाशगंगेत एक-दोन. तिचा हा प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीनं टिपला, वाटेत आडव्या आलेल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणानं तो अंमळ वाढवूनही दिला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना ती सापडली, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ती जाहीर झाली. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि मंदाकिनी ही नदीही आहे, म्हणून त्या नदीच्या बहिणीचं नाव हिला दिलं: अलकनंदा. दीर्घिका घडण्याचं आपलं वेळापत्रक तिनं बिघडवलंय. ते दुरुस्त करायला एक अलकनंदा पुरणार नाही, अशा आणखी शोधाव्या लागतील.

परत या. दिवाळीनंतरच्या कार्तिक अमावास्येला रात्री नऊच्या सुमारास देवयानी महाराष्ट्रात जवळपास डोक्यावर, जरा उत्तरेकडे असते. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून त्याच दिशेला दुसरा ठळक तारा गाठा, तिथून शर्मिष्ठेकडे वळून दोन मंद तारे मोजा. दुसऱ्या ताऱ्याच्या बाजूला डाग आहे. थेट बघू नका, किंचित बाजूला बघा, मग उमटतो. भुजा दिसायची आशा धरू नका. तुम्हाला दिसेल तो बाडेनं फोडलेला म्हाताऱ्या ताऱ्यांचा गाभा. दुर्बीण नसली तरी चालेल, घरातली साधी द्विनेत्री पुष्कळ झाली. पण पुण्या-मुंबईच्या दिव्यांपासून शंभरेक किलोमीटर लांब जा, आणि मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान वीस मिनिटं द्या.